अम्मींना घेऊन श्रीलंकेत

श्रीलंकेहून परत आल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा आम्हाला दोन प्रश्न विचारतो. खाण्याचे काय केले? आणि अम्मींना बुरख्यात बघून कुणी काही बोलले का? खर्चाचा प्रश्न त्यानंतर येतो. डोंगर, समुद्र, चहाचे मळे यांविषयी फारसे कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेले असते. म्हणून जे मोबाइलवर दिसत नाही तेच आधी लिहितो.

आम्ही पाच जण होतो. अम्मी, आम्ही दोघे आणि दोन मुले. अम्मींचे वय एकाहत्तर, मधुमेह आहे, गुडघे दुखतात. डिसेंबर २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत दहा दिवस गेलो. ठरवताना नातेवाइकांत चर्चा झालीच. एवढ्या पैशांत एकाचा उमरा झाला असता, असे चिपळूणपासून दुबईपर्यंत सगळ्यांनी सुनावले. अम्मींचा हज अब्बा हयात असताना झाला आहे. त्या म्हणाल्या, "अल्लाहची जमीन आहे, बघू द्या की जरा." जमिनीवर फिरून बघण्याची ताकीद कुराणात पुन्हा पुन्हा आली आहे, हे त्यांनीच आम्हाला ऐकवले. पण त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. लहानपणी त्यांच्या आजीने सांगितले होते की जन्नतमधून बाबा आदम उतरले ते सरनदीपच्या डोंगरावर. सरनदीप म्हणजे हीच लंका, अरबांनी दिलेले नाव. तो डोंगर लांबून तरी दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आधी कागदपत्रे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांसाठी व्हिसाचे शुल्क माफ होते, तरीही निघण्यापूर्वी ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, काढावी लागली. त्यानंतर शुल्काचे आणि अर्जाचे नियम अनेकदा बदलले आहेत, म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता सरकारी संकेतस्थळ पाहावे. त्याच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट एलके असते. तशाच दिसणाऱ्या पण वरचे पैसे उकळणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत. आपल्याकडच्या बायकांच्या नावाचा घोळ तर ठरलेला. आधारवर 'बी', रेशनकार्डावर 'बेगम', पासपोर्टवर काहीच नाही. अर्जात पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने भरावे. बाकी कागदांचा तिथे संबंध येत नाही.

मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास. घड्याळ बदलावे लागत नाही, वेळ आपलीच आहे. विमानतळ कोलंबोत नसून कटुनायके येथे, निगोंबो गावाच्या शेजारी आहे. त्यामुळे विमान रात्री उतरत असेल तर पहिला मुक्काम निगोंबोतच करणे म्हाताऱ्या माणसांना सोयीचे. मोबाइलचे सिमकार्ड विमानतळावरच पासपोर्ट दाखवून मिळते. शहरात रिक्षा किंवा टॅक्सीसाठी 'पिकमी' नावाचे ॲप चालते, भाव करण्याचा त्रास वाचतो. रिक्षा बघून मुलांना हसू आले, कारण बहुतेक आपल्या बजाजच्याच होत्या. पैशांचे म्हणाल तर तेव्हा आपल्या एका रुपयाला तिथले चारच्या जवळपास रुपये मिळत होते. आम्ही डॉलर नेले होते. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे आपले यूपीआयही सुरू झाले आहे, तरी लहान गावांत आणि चहाच्या टपरीवर रोख लागतेच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण आम्ही खरे घाबरलो होतो ते त्यालाच. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, तिथल्या चर्चमध्ये आणि हॉटेलांमध्ये मुसलमान नावाच्या माणसांनी बॉम्बस्फोट केले. अडीचशेहून अधिक माणसे मेली. निगोंबोतले चर्च त्यांपैकीच एक. पुढच्या महिन्यात मुसलमानांची दुकाने जळाली, मशिदींवर दगड आले. आणीबाणीत चेहरा झाकण्यावर बंदी आली होती, ती आणीबाणी उठल्यावर संपली. आणि आम्ही उतरणार होतो त्याच निगोंबोत, तेही नाताळच्या दोन दिवस आधी, बुरख्यातल्या अम्मींना घेऊन.

आम्ही राहिलो ते घर एका ख्रिस्ती बाईंचे होते. रस्त्यावर सगळीकडे दिवे, चर्चच्या दारात बंदूक घेतलेले जवान. अम्मींनी विचारले, "बुरखा काढून नुसता दुपट्टा घेऊ का?" आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच ठरवले की नाही, आहे तसेच जाऊ. चेहरा त्या झाकत नाहीत. संध्याकाळी समुद्रावर गेलो. लोक बघत होते, नाही असे नाही. एका पोलिसाने कुठून आलात विचारले, इंडिया म्हटल्यावर मान हलवून पुढे गेला. नाताळच्या दिवशी सकाळी त्या घरमालकीण बाई केकच्या दोन बशा घेऊन आल्या आणि एक आमच्या हातात देत म्हणाल्या, "यात ब्रँडी नाही, ही तुमच्यासाठी वेगळी केली." अम्मींनी बॅगेतून चिपळूणहून आणलेले काजू काढून दिले. त्या बाईंचे कुणी त्या चर्चमध्ये होते का, हे विचारायचे धाडस आम्हाला झाले नाही. दहा दिवसांत वाकडा शब्द एकदाही ऐकावा लागला नाही. ज्या बहिणी चेहरा झाकतात त्यांना विमानतळावर आणि तपासणीच्या ठिकाणी ओळख पटवण्यासाठी तो दाखवावा लागेल, एवढे ध्यानात ठेवावे.

खाण्याची अडचण वाटली तेवढी नाही. तिथेही आपल्यासारखे खानावळीला 'हॉटेल'च म्हणतात, आणि 'मुस्लिम हॉटेल' अशा पाट्या कोलंबोत, कँडीत आणि मुख्य रस्त्यांवरच्या गावांत दिसतात. लोकसंख्येत सुमारे दहा टक्के मुसलमान आहेत, त्यामुळे फार शोधावे लागत नाही. २०१३ मध्ये हलालच्या शिक्क्यावरून तिथे मोठा वाद झाला होता. काही पाकिटांवर शिक्का दिसतो, काहींवर नाही. आम्ही साधा नियम केला. मटण-कोंबडी फक्त मुसलमानांच्या हॉटेलात, इतर ठिकाणी मासे, अंडी, भाजी. एका मोठ्या हॉटेलच्या सकाळच्या नाश्त्यात सगळे हलाल असल्याचे आम्हाला बुकिंगच्या वेळी सांगितले होते. प्रत्यक्षात डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि कोंबडीचे सॉसेज शेजारी शेजारी, एकच चिमटा. त्या दिवशी आम्ही केळी आणि ब्रेड खाल्ला. तक्रार केल्यावर व्यवस्थापकाने वेगळी आम्लेट करून दिली. म्हणून बुकिंगच्या वेळी 'हलाल आहे का' एवढेच विचारून भागत नाही, डुकराचे मांस त्याच स्वयंपाकघरात शिजते का तेही विचारावे.

कोकणातल्या माणसाला तर तिथले जेवण घरचे वाटते. नारळ, भात, मासे. इडियाप्पम म्हणजे आपले शिरवाळेच, फक्त गुळाच्या रसाऐवजी कालवणाशी खातात. ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, तिला पोल सांबोल म्हणतात, अम्मींनी दहा दिवस रोज खाल्ली. कोट्टू म्हणजे रोटीचे तुकडे भाजी, अंडी, कोंबडीसोबत तव्यावर दोन पात्यांनी ठोकून केलेला पदार्थ. एक प्लेट दोघांना पुरते. नारळाचे दूध, गूळ आणि अंड्याचे वटलप्पम तिथल्या मुसलमानांच्या ईदला हमखास असते. मधुमेहामुळे अम्मींनी एकच चमचा घेतला, पण कृती मात्र सगळी विचारून घेतली. एक खबरदारी: शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या भाजीतही सुक्या मासळीचा चुरा असतो. आणि पौर्णिमा लक्षात ठेवा. दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. दारूबरोबर मांसाची दुकानेही बंद. आमच्या वेळी २६ डिसेंबरला पोया होता, तेव्हा कँडीत आम्ही डाळ-भात आणि माशांवर होतो.

नमाजचे काय? आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आणि तिथले बहुसंख्य मुसलमानही शाफईच. असरची अजान आपल्याच वेळेला, फजरमध्ये कुनूत, सगळे घरच्यासारखे. खेकडे-कालवांबाबतही आमचा प्रश्न नव्हता. हनफी वाचकांना असरची वेळ आणि खेकडा दोन्ही वेगळे वाटतील. प्रवासात कसर आम्ही केलीच, शिवाय आमच्या मसलकात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात, त्याचा लांबच्या रस्त्यात फार उपयोग झाला. इतरांनी आपापल्या आलिमांना विचारावे. किब्ल्याची दिशा मात्र अंदाजाने धरू नका. कोकणात किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला आहे, लंकेत तो बराच उत्तरेकडे झुकतो. मोबाइलमधला होकायंत्र वापरावा. बायकांसाठी जागा प्रत्येक मशिदीत नसते, तेव्हा घडीचा मुसल्ला पर्समध्ये हवाच. शौचालयात पाण्याची पिचकारी जवळपास सगळीकडे असते. युरोपला जाऊन आलेल्यांना याचे मोल कळेल.

गाडी आम्ही ड्रायव्हरसह सगळ्या दिवसांसाठी ठरवली. म्हातारे माणूस बरोबर असेल तर हेच करावे. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय बऱ्याच हॉटेलांत असते, ठरवताना विचारून घ्यावे. आमचे ड्रायव्हर पुत्तलमचे मुसलमान होते. तिथले मुसलमान मोठ्या भावाला 'नाना' म्हणतात. अम्मींना याची मोठी गंमत वाटली, आमच्यात नाना म्हणजे पिकल्या केसांचा माणूस. ते पहिल्या दिवसापासून अम्मींना 'उम्मा' म्हणू लागले. दहा वर्षे दम्मामला गाडी चालवल्यामुळे त्यांना गल्फची मोडकी हिंदी येत होती. आमच्या गावातल्या अर्ध्या पुरुषांची हिंदी अशीच आहे, त्यामुळे संवाद झकास चालला.

कँडीत दंतमंदिर आम्ही बाहेरून पाहिले आणि तळ्याकाठी बसलो. ज्यांना आत जाऊन बघायचे आहे त्यांनी गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घालावेत, चपला-टोपी काढावी लागते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे फार मोठा अपमान समजतात, मुलांना आधीच सांगून ठेवावे. तिकीट असलेल्या बऱ्याच जुन्या स्थळांवर सार्क देशांच्या लोकांना परदेशी दरापेक्षा कमी दर लागतो, पण त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

कँडीहून हॅटनला आम्ही रेल्वेने गेलो आणि नाना सामान घेऊन रस्त्याने आले. हा मार्ग चहाच्या मळ्यांतून जातो. आरक्षण तीस दिवस आधी उघडते आणि लगेच भरते. हॅटनहून मस्केलियामार्गे नल्लतन्नीला दीड तास. हे आदमच्या डोंगराच्या पायथ्याचे गाव.

डोंगराची उंची २,२४३ मीटर, पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास. माथ्यावर खडकात पावलासारखा खोलगट ठसा आहे. बौद्ध त्याला बुद्धाचे पाऊल म्हणतात, हिंदू शंकराचे, मुसलमान आणि काही ख्रिस्ती बाबा आदमचे. इब्न बतूता १३४४ मध्ये साखळ्या धरून वर चढला होता. बाबा आदम कुठे उतरले त्या जागेचे नाव कुराणात नाही, ही जुन्या लोकांच्या सांगण्यातली गोष्ट आहे, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगितले. अम्मींनाही ते माहीत आहे. चढाईचा हंगाम डिसेंबरच्या पोयापासून मेच्या पोयापर्यंत, त्या काळात पायऱ्यांवर रात्रभर दिवे असतात. आम्ही पोया संपल्यावर एक दिवसाने पोचलो तरी गर्दी होती. पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळावेत.

अम्मी चढणार नव्हत्या. खोली मागताना आम्ही डोंगराच्या बाजूची खिडकी मागून घेतली होती. संध्याकाळी ढग होते, काहीच दिसेना. इशानंतर ढग सरले आणि दिव्यांची एक रेघ अंधारात वर वर गेलेली दिसली, जमिनीपासून निघून ताऱ्यांपर्यंत. अम्मी शाल गुंडाळून खिडकीत बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी दादी कधी रत्नागिरीच्या पुढे गेली नाही. तिला कुणी सांगितलं असेल हे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

आमच्यातले दोघे, एक मोठा आणि मुलगा, रात्री दीडला निघाले. जाडा स्वेटर, कानटोपी, पाणी, खजूर एवढेच न्यावे. चहाच्या टपऱ्या वाटेत बऱ्याच आहेत. फजरच्या वेळी ते अजून वाटेतच होते. एका टपरीवाल्याने, तो बौद्ध होता, काही न विचारता बाक बाजूला सरकवून जागा करून दिली आणि होकायंत्र बघायला मोबाइलवर उजेडही धरला. माथ्यावर वारा इतका की उभे राहवत नव्हते. उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते, दुसऱ्या दिवशी मुलगा जिना उतरताना कण्हत होता. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मोह करू नये, खिडकी पुष्कळ आहे.

२९ तारखेचा जुमा गॉलला पढायचा म्हणून पहाटेच निघालो. त्या लांबच्या रस्त्यात मुलीने नानांना सहज विचारले, तुम्ही घरी तमिळ बोलता, मग तुम्ही तमिळच ना? नाना हसले. म्हणाले, "नाही. आम्ही मुसलमान. तिथे ती वेगळी कौम मोजतात." जनगणनेत त्यांची नोंद 'मूर' अशी होते, हे नाव पोर्तुगीजांनी दिलेले. मग त्यांनी विचारले, तुम्ही घरी काय बोलता? मराठी, कोकणी मराठी, म्हटल्यावर त्यांना नवल वाटले. "मुसलमान आणि उर्दू नाही?" हा प्रश्न आम्हाला पुण्या-मुंबईतही विचारला जातो. आम्ही सांगितले की आमच्याकडे मराठी बोलणारा मुसलमान मराठीच. त्यावर ते थोडा वेळ गप्प झाले.

मग त्यांनी सांगितले. ते मूळचे मन्नारचे, वय तेव्हा नऊ. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुसलमानांना निघून जायला सांगितले. जाफना शहरात तर दोन तासांची मुदत होती. सत्तर हजारांहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली. तमिळ बोलणाऱ्यांनी तमिळ बोलणाऱ्यांना काढले. नानांचे कुटुंब होडीने कल्पिटियाच्या किनाऱ्याला लागले आणि पुत्तलमच्या छावणीत झावळ्यांच्या झोपडीत वाढले. "उम्माने घराची किल्ली बरोबर आणली होती," ते म्हणाले. युद्ध २००९ मध्ये संपल्यावर ते जाऊन आले. घराच्या जागी भिंतीही नव्हत्या, विहीर तेवढी होती. काही नातेवाईक परत गेले, नाना गेले नाहीत. मुलांची शाळा पुत्तलमला, धंदा इकडे. अम्मींनी विचारले, "आणि किल्ली?" ती त्यांच्या बहिणीकडे आहे.

गॉलच्या किल्ल्यात दीपगृहासमोर मीरान मशीद आहे, पांढरीशुभ्र, बाहेरून चर्च वाटावी अशी. बयान तमिळमध्ये झाले. आम्हाला 'सबर' एवढाच शब्द कळला. अम्मी आणि मुलगी समोर तटावर समुद्राकडे बघत बसल्या. किल्ला तासाभरात पायी फिरून होतो, उन्हाची छत्री न्यावी. परतताना बेरुवलाला थांबून समुद्रात घुसलेल्या टेकडीवरची केचिमलाई मशीद पाहिली. अरब व्यापाऱ्यांच्या तिथल्या अगदी सुरुवातीच्या वस्त्यांपैकी ही एक. कोलंबोत पेट्टा बाजारातली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल अल्फार मशीद १९०९ ची. बाजारात पाकीट सांभाळा.

औषधांचे दोन शब्द. अम्मींच्या गोळ्या आम्ही प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त नेल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. तिथे १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते, ही सेवा भारताच्या मदतीने सुरू झाली आहे. पोलिसांचा क्रमांक ११९. दोन्ही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवले होते, गरज पडली नाही, अल्हमदुलिल्लाह.

पश्चिम किनारा, दक्षिण आणि डोंगर यांसाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. मे ते सप्टेंबर त्या बाजूला आपल्यासारखाच पाऊस. उरलेले लंकेचे रुपये विमानतळावरच बदलून घ्यावेत, चिपळुणात त्यांना कुणी विचारत नाही. नानांचा मुलगा यंदा मोठ्या परीक्षेला बसला आहे, त्यासाठी दुआ करा असा निरोप त्यांनी अम्मींना पाठवला आहे, आणि अम्मींनी तो गल्लीभर सांगितला आहे.